जळकोटच्या फ्लेक्सवरचं सोनं

जळकोटच्या चौकात कुणाचा वाढदिवस असला की फ्लेक्सवर त्याचं नाव सोन्यात, 'हार्दिक शुभेच्छा' स्टीलमध्ये आणि पुढाऱ्याचं नाव तडे गेलेल्या दगडात. हात लावून पाहिलं तर सगळा एकच प्लॅस्टिकचा कपडा. छपाईच्या यंत्रात निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया. सोनेरी त्यात नाही. गर्द तपकिरी, पिवळा, जवळपास पांढरा आणि पुन्हा पिवळा असे पट्टे एकाखाली एक उतरले की डोळाच त्याला सोनं ठरवतो. हे सोनं आलं कुठून, ते पाहायला उदगीर आणि बीदर गाठलं तरी पुरे.

उदगीरच्या किल्ल्यात अरबी-फारसी शिलालेख आहेत. असे लेख कोरताना दख्खनचे कारागीर बहुधा अक्षर जागेवर ठेवून भोवतीचा दगड काढून टाकत. देवनागरी आणि हळेकन्नड लेखांची रीत उलटी: तिथं छिन्नी अक्षरच आत खोदत जाते. एक अक्षर उठावाचं, दुसरं खोदीव. वाचायला दोघांनाही ऊन लागतं. ऊन तिरपं पडलं की अक्षराची एक कड उजळते, दुसरी काळवंडते आणि ओळ उमटते. समोरून पडलं की तीच ओळ दगडात विरून जाते.

बीदरला अक्षरांचं दुसरं घराणं भेटतं. बहमनी वजीर महमूद गावाननं 1472 मध्ये पूर्ण केलेल्या मदरशावर अक्षरं रंगीत चकाकी दिलेल्या फरशांची आहेत. बीदरच्याच किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या बसाल्टमध्ये शिंपला जडवलेली अक्षरं आहेत. या अक्षरांना सावलीची गरज नाही. पदार्थाची चमकच त्यांना उठून दाखवते. उठाव आणि जडाव, ही दोन घराणी पुढं कुठं भेटतात ते येईलच.

दगड-शिंपला परवडायचा तो गढीकिल्ल्यांना. बाजारपेठेतल्या दुकानाच्या वाट्याला आला पेंटर. दोरीनं ओळ आखायची, ब्लॉक अक्षरं भरायची, मग एका बाजूला 'थिकनेस' आणि खाली 'शेड' मारायची. सोनेरी हवं असेल तर वार्निशमध्ये ब्राँझ पावडर. नियम एकच: एका पाटीवर उजेड एकाच बाजूनं. पहिल्या अक्षराची सावली उजवीकडं पडली तर शेवटच्याचीही उजवीकडंच. चांगला पेंटर दुकानावर ऊन कुठून येतं ते आधी पाहून मगच ब्रश उचलायचा.

सिनेमानं हीच करामत मोठी केली. 1959 च्या 'बेन-हर'च्या पोस्टरवर नावच दगडी इमारतीसारखं उभं राहिलं; 1975 च्या 'शोले'ची ठोकळेबाज अक्षरंही त्याच गोत्रातली. एअरब्रशवाल्यांनी क्रोमची युक्ती रुजवली: अक्षराच्या वरच्या भागात आकाशाची निळाई, मध्ये क्षितिजाची काळी रेघ, खाली मातीचा तपकिरी. क्रोमसारख्या चकचकीत धातूला स्वतःचा रंग जवळपास नसतो, तो भोवतालचाच दाखवतो, म्हणून हे पटतं. या सगळ्या काळात मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे मात्र वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत, निव्वळ वळणातून नाटकाचा स्वभाव उभा करत होते. पण फ्लेक्सनं त्यांचा वारसा घेतला नाही.

थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं. सुरुवातीला उठावाचं अक्षर करणं कष्टाचं होतं. अक्षराच्या चॅनलची नक्कल काढायची, ती ब्लर करायची, चार पिक्सेल सरकवायची आणि मूळ चॅनलमधून वजा करायची. उरलेली फिकट-गडद कड म्हणजे उठाव. 1998 च्या 5.0 आवृत्तीत हा खटाटोप 'बेव्हल अँड एम्बॉस' नावाच्या एका चौकटीत बसला. 2000 च्या 6.0 मध्ये जोडीला अक्षरात दगड-धातूचा पोत भरणारं 'पॅटर्न ओव्हरले' आलं. उदगीरचा उठाव आणि बीदरचा जडाव एकाच खिडकीत, एकाखाली एक टिकमार्क होऊन बसले. बेव्हलमध्ये 'अप' म्हटलं की उठावाचं, 'डाउन' म्हटलं की खोदीव.

या दोन्हींत फरक फक्त उजेडाचा आहे. छापलेला फ्लेक्स उलटा धरून पाहा, वर आलेली अक्षरं आत गेल्यासारखी दिसतात. उजेड वरूनच येतो असं मेंदू गृहीत धरतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत उजेडाचा कोन आपोआप 120 अंशांवर असे, म्हणजे सूर्य कायम वर डावीकडं.

मराठी अक्षराशी या खिडकीचं फारसं जमत नव्हतं. युनिकोडची जोडाक्षरं फोटोशॉपमध्ये बरीच वर्षं विस्कटत, म्हणून ऑपरेटर श्री-लिपीसारख्या फॉन्टवर अवलंबून राहिले. बेव्हलचा आकार जरा वाढवला की 'श्री' आणि 'क्ष' यांच्या बारीक रेघांत दोन्ही उतार एकमेकांना भिडतात आणि अक्षराचा सपाट माथा नाहीसा होतो. इंग्रजी ठळक अक्षरांसाठी बेतलेली तयार स्टाइल मराठी नावावर चढवली की हे हमखास होतं. उपाय म्हणून फॉन्ट जाड होत गेले आणि फ्लेक्सवरची देवनागरी हळूहळू गुबगुबीत झाली.

आणखी एक खोट घाईची आहे. नाव एका फाइलमधून, शुभेच्छा दुसरीतून, फोटो मोबाइलमधून. एकाच फ्लेक्सवर दोन-तीन सूर्य उगवतात: नावाची सावली उजवीकडं, साहेबांच्या नाकाची डावीकडं. पेंटरला ही चूक सुचलीही नसती, कारण त्याला प्रत्येक सावली हातानं भरावी लागायची. पण त्याच्या दरात गल्लीतल्या पोराचं नाव तासाभरात, दहा फूट लांब आणि सोन्यात लिहून मिळालंही नसतं. किल्लेदाराच्या मक्तेदारीची वस्तू चौकात आली ती या घाईमुळंच.

आता पैसेवाली दुकानं लेझरनं कापलेली खरी स्टीलची अक्षरं लावतात. त्यांना सावली ऊनच देतं आणि तासातासाला बदलून देतं. तरी गिऱ्हाईक ऑर्डर पक्की करतं ते फोटोशॉपमधला नमुना पाहूनच, आणि पाटी लागल्यावर खरं स्टील नमुन्याइतकं का चमकत नाही म्हणून पाटीवाल्याशी वाद घालतं.