कोणते बहुमत सोडायचे?

बहुमत म्हणजे एकच उत्तर, असे मी समजत होतो. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से याच्या १७८५ सालच्या निबंधातले उदाहरण वहीत मांडले आणि तो समज गेला. ६० मतदार तीन उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिला दुसऱ्याला ३३ विरुद्ध २७ मतांनी हरवतो, दुसरा तिसऱ्याला ४२ विरुद्ध १८ आणि तिसरा पहिल्याला ३५ विरुद्ध २५! कोंदोर्सेचा तोडगा असा, की सर्वांत कमी मताधिक्याचा निकाल सोडून द्यावा. मग दुसरा निवडून येतो. पण सोडलेले ते ३३ही बहुमतच होते. १७९४ मध्ये क्रांतिकाळातल्या तुरुंगात मेलेल्या या माणसाने दाखवून ठेवले : कौल मतदारांचा असतो, तसाच मोजणीच्या नियमाचाही.