जुलाबानंतरचा संधिदाह आणि त्याची वैद्यकीय नोंद

जुलाब, पोटात कळा, थोडा ताप असा त्रास चार-पाच दिवसांत थांबतो आणि माणूस तो विसरूनही जातो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एखादा गुडघा वा घोटा अचानक सुजतो. पहिल्या दुखण्याची नोंद फॅमिली डॉक्टरकडे असते, दुसऱ्याची अस्थिरोगतज्ज्ञाकडे. दुसऱ्या केस पेपरवर केवळ ‘गुडघ्याला सूज व वेदना’ एवढेच लिहिले गेले, तर आजाराचे खरे नाव कागदावर येतच नाही. प्रतिक्रियाजन्य संधिदाह, अर्थात रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस, या विकाराच्या बाबतीत असे सहज घडू शकते.

आजाराचे स्वरूप

शिगेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि यर्सिनिया या आतड्यांत संसर्ग करणाऱ्या जिवाणूंनंतर हा विकार उद्भवू शकतो. संसर्ग आणि सांधेदुखी यांच्यात साधारणतः एक ते चार आठवड्यांचे अंतर असते. गुडघा, घोटा असे पायांचे मोजकेच सांधे, बहुधा एकाच बाजूला अधिक, सुजतात. टाचेत दुखणे, बोट सुजणे, डोळे लाल होणे, लघवीला जळजळ ही लक्षणेही सोबत दिसू शकतात. सांध्यातील द्रव काढून तपासला, तर त्यात जिवंत जिवाणू वाढत नाहीत. आतड्यांतील संसर्गाला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली ही प्रतिक्रिया असते. एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक असणाऱ्यांत या विकाराचा धोका अधिक असतो. बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत बरे होतात. काहींचे दुखणे मात्र रेंगाळते.

नावाचा इतिहास

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने आमांशानंतर असा त्रास झालेल्या एका सैनिकाचे वर्णन केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फिसिंजे आणि लरॉय यांनीही तशीच नोंद प्रसिद्ध केली. फिनलंडमधील आमांशाच्या साथीनंतरच्या ३४४ रुग्णांचा अभ्यास पारोनेन यांनी १९४८ मध्ये मांडला. अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर ६०२ जणांना आमांश झाला आणि त्यांपैकी ९ जणांत हा विकार दिसला, असा वृत्तांत १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजावरील सर्वांची नोंद एकाच ठिकाणी होती, म्हणूनच हा संबंध जोडता आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस’ हे नाव १९६९ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी रूढ केले. रायटर यांचा नाझी राजवटीशी असलेला संबंध उजेडात आल्यावर त्यांचे नाव वैद्यकीय वापरातून मागे पडले. तरी वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ते टिकून आहे.

वर्गीकरणातील स्थान

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, प्रतिक्रियाजन्य संधिविकारांना एम ०२ हा गट दिलेला आहे. त्यात आमांशोत्तर संधिविकार एम ०२.१, लसीकरणोत्तर एम ०२.२, रायटरचा विकार एम ०२.३ आणि प्रकार न सांगितलेला विकार एम ०२.९ असे विभाग आहेत. यर्सिनियाच्या आंत्रदाहानंतरच्या विकारासाठी मूळ संसर्गाचा ए ०४.६ व सांध्याचा एम ०३.२ अशी जोडी वापरली जाते. साल्मोनेला जिवाणू प्रत्यक्ष सांध्यात शिरला असेल, तर तो वेगळा आजार ठरतो. त्याची नोंद ए ०२.२ आणि एम ०१.३ या जोडीने होते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असून तिच्याकडे होणारे संक्रमण देशोदेशी टप्प्याटप्प्याने चालू आहे.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची अधिक तपशीलवार आवृत्ती वापरात आहे. भारतात बसून अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींचे कोडिंग करणाऱ्या तरुणांचा तिच्याशी रोजचा संबंध येतो. तिथे सांधा आणि बाजू दोन्ही सांगावी लागतात. आमांशोत्तर विकार उजव्या गुडघ्यात असल्यास एम ०२.१६१, डाव्या गुडघ्यात असल्यास एम ०२.१६२. मूळ आजार आधी नोंदवावा, अशी सूचनाही या गटात आहे. त्यामुळे संसर्ग अद्याप चालू आहे की बरा झाला आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरते.

नोंदीत काय असावे

कोडिंग करणाऱ्याला निदान करण्याचा अधिकार नसतो. जुलाब आणि सूज या दोन्ही गोष्टी कागदावर असल्या, तरी त्यांचा कार्यकारणसंबंध डॉक्टरांनीच लिहावा लागतो. ‘रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस’ एवढेच लिहिले, तर नोंद अपुरी राहते. अमेरिकी नियमांनुसार बाह्यरुग्ण विभागात ‘संशयित’ वा ‘बहुधा’ असे लिहिलेले निदान कोड करता येत नाही. तिथे लक्षणाचाच क्रमांक द्यावा लागतो. पुरेशा नोंदीत पुढील बाबी असाव्यात : जुलाबाची सुरुवात व अखेर, शौचतपासणीत आढळलेला जिवाणू अथवा तपासणी झाली नसल्याचा उल्लेख, सांधेदुखीची पहिली तारीख, सांध्याचे नाव व बाजू, सांध्यातील द्रवाचा अहवाल, डोळे, त्वचा व मूत्रमार्गाची लक्षणे, आणि या सर्वांवरून डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष.

चुकीच्या क्रमांकाचे परिणाम

मराठीत आपण या साऱ्यालाच ‘संधिवात’ म्हणतो. वर्गीकरणात मात्र हृदयाला बाधा नसलेला संधिवाताचा ताप आय ०० मध्ये, ऱ्हुमॅटॉइड संधिवात एम ०५ वा एम ०६ मध्ये, पूयजनक संधिदाह एम ०० मध्ये आणि गाऊट एम १० मध्ये मोडतो. हे भेद औपचारिक नाहीत. पूयजनक संधिदाहात तातडीने प्रतिजैविके द्यावी लागतात व पू काढावा लागतो. संधिवाताच्या तापात हृदयाच्या झडपा जपण्यासाठी वर्षानुवर्षे पेनिसिलिन दिले जाते. ऱ्हुमॅटॉइड विकार दीर्घकाळचा असतो. काही महिन्यांत ओसरू शकणाऱ्या दुखण्यावर यांपैकी एखादा शिक्का बसला, तर पुढचा डॉक्टर त्याच दिशेने विचार करू लागतो आणि विम्याच्या अर्जातही तो जुनाट आजार म्हणून उतरतो. शिवाय दूषित पाणी वा अन्नाचा हा दूरगामी परिणाम सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीतून निसटतो.

रुग्णाच्या हाती यात एक साधी गोष्ट आहे. सांधा अकस्मात सुजल्यास, मागील महिन्याभरात जुलाब झाले होते का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे आणि जुना केस पेपर सोबत न्यावा. डिस्चार्ज कार्ड हाती आल्यावर त्यावर त्या जुलाबाचा उल्लेख आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.