स्टॉक कार शर्यती : अपघात आणि चालकांची सुरक्षा

बाहेरून बाजारातल्या साध्या मोटारीसारखी दिसणारी, आतून मात्र पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेली गाडी म्हणजे 'स्टॉक कार'. अमेरिकेत या शर्यतींचे नियमन १९४८ साली स्थापन झालेली 'नॅस्कार' ही संस्था करते. मोठ्या लंबवर्तुळाकार धावपट्ट्यांवर चाळीसएक गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, एकमेकींना जवळजवळ खेटून धावतात.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी फ्लोरिडातील 'डेटोना ५००' शर्यतीत दोन अपघात झाले. पहिल्यात टोनी स्टुअर्ट यांची गाडी हवेत उडून कोलांट्या खात गेली, ते बचावले. दुसरा अखेरच्या फेरीतला. सात वेळा विजेतेपद मिळवलेले डेल अर्नहार्ट यांची तीन क्रमांकाची गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. पाहणाऱ्यांना तो धक्का किरकोळच वाटला, पण ४९ वर्षांचे अर्नहार्ट त्यात मरण पावले.

यामागचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. कोलांट्या खाणाऱ्या गाडीची ऊर्जा टप्प्याटप्प्याने खर्च होते. भिंतीवर आदळलेली गाडी क्षणार्धात थांबते. पट्ट्यांनी जखडलेले धड जागीच राहते, हेल्मेटच्या वजनासह डोके मात्र पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ मानेच्या जोडापाशी भंगतो. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या धावपट्टीवर १९ वर्षांचा ॲडम पेटी असाच गेला. तो शर्यतपटूंच्या घराण्यातील चौथ्या पिढीचा. जुलैमध्ये त्याच धावपट्टीच्या त्याच वळणावर केनी अर्विन गेले. ऑक्टोबरमध्ये टेक्सासमधील ट्रकच्या शर्यतीत मानेला झालेल्या दुखापतीने टोनी रोपर यांचा बळी घेतला.

खेदाची गोष्ट ही, की यावरचा उपाय तेव्हा अस्तित्वात होता. मिशिगन राज्य विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्यासह १९८०च्या दशकातच 'हॅन्स' हे उपकरण तयार केले होते. खांद्यांवर, पट्ट्यांखाली बसणारे हे जू दोन बंदांनी हेल्मेटला जोडलेले असते. त्यामुळे डोके धडाबरोबरच थांबते. पण ते अडचणीचे वाटत असल्याने अनेक चालक वापरत नसत आणि नॅस्कारनेही सक्ती केली नव्हती. अर्नहार्टही ते वापरत नव्हते. ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लट येथे दुसऱ्या एका मालिकेत ब्लेझ अलेक्झांडर हा तरुण चालक मरण पावला आणि त्याच महिन्यात डोके-मान आवरणारे उपकरण सक्तीचे झाले.

त्यानंतर भिंत बदलली. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने 'सेफर' अडथळा विकसित केला. यात काँक्रीटपुढे पोलादी नळ्या आणि त्या दोहोंमध्ये फोमचे ठोकळे असतात. धडकेचा काही भार ते शोषून घेतात. हा अडथळा प्रथम २००२ साली इंडियानापोलिसला बसवला गेला. २००७ पासूनच्या नव्या गाडीत चालकाचे आसनही दारापासून आत सरकवण्यात आले.

२००१ नंतरच्या दोन दशकांत नॅस्कारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांमध्ये एकाही चालकाचा मृत्यू झाला नाही. २०२० साली डेटोनात रायन न्यूमन यांची गाडी उलटली आणि दुसरी गाडी तिच्यावर आदळली; दोनच दिवसांनी ते आपल्या मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडले.

तरी उणिवा राहिल्याच. २०१५ साली काइल बुश डेटोनातच अडथळा न बसवलेल्या भिंतीवर आदळले आणि त्यांचा पाय मोडला. २०२२ च्या नव्या गाडीचा मागचा भाग इतका ताठ निघाला, की मागून बसणारा धक्का थेट चालकापर्यंत पोहोचू लागला. त्या वर्षी कर्ट बुश यांच्या मेंदूला मार बसला. ते पुन्हा पूर्णवेळ शर्यतीत उतरू शकले नाहीत. २०२३ साठी गाडीचा तो भाग बदलण्यात आला.