अवतरणचिन्हांतली आशा : एमिली डिकिन्सनच्या एका कवितेविषयी

एमिली डिकिन्सनची (१८३०–१८८६) आशेवरची बारा ओळींची कविता आपल्या इंग्रजीच्या वर्गांत बहुधा अर्ध्या तासात संपते. आशा म्हणजे पक्षी, पक्षी म्हणजे आत्म्यातले गाणे, वादळ म्हणजे संकट. रूपक सापडले, पुढच्या कवितेकडे वळा. शुभेच्छापत्रांवर ही कविता छापली जाते ती याच वाचनाच्या जोरावर. हे वाचन चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र या कवितेच्या पहिल्याच शब्दाला कवयित्रीने जी दोन अवतरणचिन्हे घातली आहेत, त्यांची दखल या वाचनात कुठेही घेतली जात नाही, आणि आमच्या मते कवितेचा इतिहास तिथेच दडलेला आहे.

हस्तलिखितात ‘आशा’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. कवयित्री १८८६ मध्ये वारली तेव्हा तिच्या जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या होत्या, त्याही निनावी. उरलेल्या शेकडो कविता तिने स्वच्छ लिहून, कागद दुमडून, दोऱ्याने शिवून ठेवल्या होत्या. अशा सुमारे चाळीस वह्यांपैकी तेराव्या मानल्या जाणाऱ्या वहीत ही कविता आहे. मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी १८९१ मध्ये कवितांचा दुसरा संग्रह काढला, त्यात ती ‘जीवन’ या विभागात प्रथम छापली गेली. संपादकांनी तिला ‘आशा’ असे शीर्षक दिले, अपसारणचिन्हे काढून सरळ विरामचिन्हे घातली आणि पहिल्या शब्दाभोवतीची अवतरणचिन्हेही गाळली. त्या काळच्या छपाईच्या रुचीला धरूनच हे झाले. टॉमस जॉन्सन यांची चिकित्सक आवृत्ती १८९१ नंतर चौसष्ट वर्षांनी, म्हणजे १९५५ मध्ये निघाली आणि ती चिन्हे जागेवर आली. तोपर्यंत दोन पिढ्यांनी ही कविता अवतरणचिन्हांविना पाठ केली होती.

एखादा शब्द अवतरणात घालून लिहिणारा आपल्याला सांगत असतो की हा शब्द माझा नाही; लोक तो वापरतात, मी तो त्यांच्याकडून घेते आहे. मग हे लोक कोण?

त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट गावाच्या धर्मजीवनाकडे पाहावे लागते. कॉंग्रिगेशनल पंथाच्या त्या प्रदेशात जन्माने ख्रिस्ती असणे पुरेसे नव्हते. आपला उद्धार झाला आहे, निदान होईल असे वाटते, याची खूण माणसाला स्वतःच्या अंतःकरणात सापडावी लागे. ती मंडळीसमोर कबूल केली की मगच सभासदत्व आणि प्रभुभोजनाचा हक्क मिळे. या खुणेला नाव होते ‘आशा’. अमक्याला आशा लाभली, तमकी अजून आशेविना आहे, असे लोक सहज बोलत. आपल्याकडे ‘अनुग्रह झाला’ म्हणतात, साधारण त्याच अर्थाचा हा पारिभाषिक शब्द होता.

सप्टेंबर १८४७ मध्ये, सतरावे वर्षही पुरे झालेले नसताना, एमिली जवळच्या साउथ हॅडली इथल्या माउंट होल्योक सेमिनरीत शिकायला गेली. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये स्थापन केलेली ही संस्था मुलींच्या उच्च शिक्षणात फार पुढची होती, आणि तितकीच धर्मनिष्ठ. तिथे विद्यार्थिनींचे तीन गट मानले जात : श्रद्धेची कबुली दिलेल्या, आशा बाळगणाऱ्या आणि आशा नसलेल्या. तिसऱ्या गटातल्या मुलींसाठी वेगळ्या बैठका होत, त्यांच्यासाठी प्रार्थना होत, आणि वर्षभरात त्यातल्या बऱ्याचजणी वरच्या गटांत सरकत. एमिली वर्ष संपेपर्यंत तिसऱ्याच गटात राहिली. पुढे १८५० मध्ये अ‍ॅमहर्स्टमध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली, तेव्हा वडील एडवर्ड आणि धाकटी बहीण लव्हिनिया चर्चचे सभासद झाले; थोरला भाऊ ऑस्टिन १८५६ मध्ये झाला. एमिली कधीच झाली नाही.

म्हणजे ‘आशा’ हा शब्द जिला कोवळ्या वयात अधिकृतपणे नाकारला गेला होता, तीच स्त्री तिशी ओलांडताना त्या शब्दाची व्याख्या करायला बसते. कवितेचा घाटही व्याख्येचाच आहे. अमुक म्हणजे तमुक, अशी शब्दकोशातली नोंद असावी तशी पहिली ओळ सुरू होते. (अमेरिकन इंग्रजीचा कोशकार नोआ वेब्स्टर १८१२ ते १८२२ अशी दहा वर्षे अ‍ॅमहर्स्टमध्ये राहिला होता, ही केवळ गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट.) व्याख्येतले शब्दही पाहण्यासारखे आहेत. ती लगेच ‘पक्षी’ म्हणत नाही. पिसे असलेली एक चीज, इतकेच म्हणते. पक्षी हा शब्द दुसऱ्या कडव्यात येतो. वर्गात आपण ‘पंख’ शिकवतो आणि मग उड्डाण, भरारी, आकाश असा सगळा पिसारा फुलवतो. मूळ शब्द पिसांचा आहे. आणि एक साधी गोष्ट आम्हांला फार उशिरा जाणवली असेल, पण महत्त्वाची वाटते : या कवितेतला पक्षी उडत नाही. तो आत येऊन बसतो, गातो आणि ऊब देतो. पिसांचे काम इथे ऊब देण्याचे आहे.

पाश्चात्य परंपरेत आशेचे ठरलेले चिन्ह आहे नांगर, जहाजाचा. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आशेला आत्म्याचा नांगर म्हटले आहे. शेजारच्या र्‍होड आयलंड राज्याच्या मुद्रेवर तर नांगर आणि ‘आशा’ हा शब्द एकत्रच आहेत. एमिलीच्या कवितेत समुद्र आहे, वादळ आहे. नांगर तेवढा नाही. जड, लोखंडी, तळाला रुतणाऱ्या वस्तूच्या जागी तिने मूठभर वजनाचा जीव ठेवला. वादळात टिकायचे तर वजन हवे, ही समजूतच तिने उलटवली आहे.

त्याच दुसऱ्या कडव्यातले क्रियापदही तिने बायबलच्या कानाने निवडले असावे. वादळ पक्ष्याला मारू शकेल का, असा प्रश्न तिथे नाही. ते त्याला ओशाळवू शकेल का, असा आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, आशा माणसाला लज्जित होऊ देत नाही अशा अर्थाचे वचन आहे. तिथे आशा माणसाला लाजेपासून वाचवते; इथे आशेलाच लाज आणण्याइतके वादळ भयंकर असू शकते, ही शक्यता कवयित्री उघडी ठेवते. शुभेच्छापत्रांना हे परवडणारे नाही.

गाण्याचेही तसेच. कवितेचे वृत्त आयझॅक वॉट्सच्या स्तोत्रांमुळे त्या समाजाच्या कानांत मुरलेले होते, आपल्या कानांत अभंग मुरलेला असतो तसे. चर्चमधल्या स्तोत्रात चाल सगळ्यांची आणि शब्द सिद्धान्ताचे. एमिलीचा पक्षी चाल ठेवतो, शब्द गाळतो. तिने चर्चबाबत आयुष्यभर जे केले, त्याचे याहून नेमके वर्णन आम्हांला सापडलेले नाही.

जॉन्सन यांनी कवितेचा काळ १८६१ धरला, राल्फ फ्रँकलिन यांनी १८६२ च्या आसपासचा. अमेरिकेचे यादवी युद्ध एप्रिल १८६१ मध्ये सुरू झाले होते, त्यामुळे वादळाचा अर्थ युद्धाशी जोडण्याचा मोह होतो. आम्हांला एक खाजगी पुरावा अधिक बोलका वाटतो. २५ एप्रिल १८६२ रोजी हिगिन्सन यांना लिहिलेल्या पत्रात ती सांगते की गेल्या सप्टेंबरपासून एका भयाने तिला ग्रासले आहे आणि ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून स्मशानाजवळून जाणारा मुलगा जसा गातो तशी ती गाते. ज्या काळात ही कविता वहीत उतरली, त्याच काळातले हे पत्र आहे. पक्ष्याचे न थांबणारे गाणे आणि भ्यालेल्या पोराचे गाणे यांत अंतर किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

हा शब्द आपल्याकडेही आला, तो अगदी त्याच घरातून. मॅसॅच्युसेट्सच्या कॉंग्रिगेशनल मंडळींनी उभारलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पोचले. ना. वा. टिळकांनी पुढे काम केले ते याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये. मराठी बायबलात विश्वास आणि प्रीती यांच्या बरोबरीने ‘आशा’ बसली, पण तिच्यापाशी आधीचे बरेच सामान होते. आपल्या परंपरेत आशा ही बहुधा तृष्णेची सख्खी बहीण. सुभाषितकारांना ती साखळी वाटते, संत तिला सोडायला सांगतात, आणि बोलीत आपण कुणाला ‘आशेला लावतो’ ते बहुधा फसवण्यासाठी.

त्यामुळे या कवितेच्या मराठी अनुवादात खरी अडचण शेवटच्या कडव्याची आहे. तिथे कवयित्री म्हणते की अत्यंत थंड प्रदेशात नि अनोळखी समुद्रावर तिने या पक्ष्याला ऐकले, आणि कितीही हलाखीत त्याने तिच्याकडे एक कणही मागितला नाही. कबुली दिल्याशिवाय प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा ज्या मंडळीत मिळत नसे, तिच्या बाहेर राहिलेल्या स्त्रीने ‘कण’ हा शब्द वापरावा, हे आम्हांला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. मराठीत मात्र आशेपासून आपण जे विशेषण घडवले ते ‘आशाळभूत’. ताटाकडे टक लावून बसलेला, कण मागणारा. एमिलीचा पक्षी त्याच्या नेमका उलट टोकाला आहे. अनुवादकाने ‘आशा’ लिहिले की आशाळभूत नजर तिच्या मागोमाग येते. ‘उमेद’ लिहिले तर ती नजर टळते, पण चर्चमधला तो शब्दही हरवतो. आम्ही ‘आशा’च ठेवू, अवतरणचिन्हांसकट. आणि पक्ष्यासाठी ‘पाखरू’ घेऊ, कारण मूळ सर्वनामाप्रमाणे तेही नपुंसकलिंगी आहे, आणि पहिल्या ओळीतली ती अनाम चीज त्यात बऱ्यापैकी मावते.