'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय, म्हणजे बाळासाठी सुरक्षित?

शिरूर असो की दौंड, बाळाच्या वस्तूंवर 'नॅचरल', 'नॉन-टॉक्सिक', 'इको-फ्रेंडली' असं छापलेलं असतं. पण नुसते हे शब्द म्हणजे तपासणीचा पुरावा नाही. मग काय बघायचं?

खेळणी: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेत घेतानाही ते शोधा. चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो.

बाटली: दुधाच्या प्लास्टिक बाटलीवरही आयएसआय हवं. भारतीय मानकानुसार तिच्यात बीपीए हे रसायन चालत नाही.

काजळ: काही काजळांत शिसं आढळलं आहे. शिशामुळे मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालूच नका, घरचंसुद्धा नको.

पावडर: बारीक कण श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतात. बाळाला पावडरची गरज नसते.

लंगोट: जुन्या सुती साडीचे, धुऊन कडक उन्हात वाळवलेले लंगोट स्वस्त आणि पुन्हा वापरता येणारे. डायपर वापरलाच, तर कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या. घोड किंवा भीमेच्या काठावर टाकू नका, जाळूही नका.

थोडक्यात, पाकिटावरच्या शब्दांपेक्षा चिन्ह आणि क्रमांक बघा. आणि गरज नसेल, तर घेऊच नका!