पेट्रोलचा तक्ता कोणाच्या हातात?

२००७ साली बजाज ऑटोने पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली. कार्ब्युरेटर नाही, थेट फ्युएल इंजेक्शन. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच कंपनीने त्याच गाडीतून इंजेक्शन काढलं आणि कार्ब्युरेटर परत बसवला. किंमत उतरली, ताकद मात्र २० वरून २१ पीएसवर गेली. ‘फास्टेस्ट इंडियन’ ही जाहिरात आठवत असेल, तर ती या मागे फिरलेल्या गाडीची होती. तंत्रज्ञान नेहमी पुढेच जातं असं आपल्याला शिकवलं जातं. आकुर्डीच्या कंपनीने ते दोन वर्षांत उलटं फिरवून दाखवलं आणि लोकांनी ती गाडी आनंदाने घेतली.

किंमत हे उघड कारण. पण मला वाटतं, दुसरं कारण तालुक्याच्या गॅरेजमध्ये होतं. कार्ब्युरेटर म्हणजे मधे अरुंद केलेली नळी. तिथे हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. वीज नाही, सेन्सर नाही. राजदूत आणि आरएक्स १०० च्या काळापासून दारव्हा, पुसद, वणीच्या मिस्त्रींनी हे यंत्र हाताने ओळखलं होतं. प्लग काढायचा, रंग बघायचा. काळाकुट्ट म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, चॉकलेटी म्हणजे झकास. मग हवेचा स्क्रू अर्धा फेरा इकडे किंवा तिकडे. हे सगळं ज्ञान शिकाऊ पोराला दोन पावसाळ्यांत येत असे.

इंजेक्शनमध्ये त्या स्क्रूची जागा एका तक्त्याने घेतली. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या रकान्यात थ्रॉटल किती उघडला ते किंवा हवेचा दाब. प्रत्येक चौकटीत एक आकडा: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चार-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, म्हणजे हा सगळा निर्णय तेवढ्यात व्हायला हवा. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला यात काहीच गूढ वाटत नाही. दोन मितींचा ॲरे आणि मधल्या किमतींसाठी इंटरपोलेशन, पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये करतो तेच. यालाच ‘मॅप’ म्हणतात. गोंधळ असा की हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या इंग्रजी आद्याक्षरांचाही उच्चार ‘मॅप’च होतो. दोन माणसं तासभर मॅपवर भांडतात आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, हे मी पाहिलंय.

या तक्त्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतल्या बेंडिक्सने १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन केलं, ते फारसं चाललं नाही. पुढे त्याच कल्पनेवरून जर्मनीच्या बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर डी-जेट्रॉनिक बसवलं. त्यात तक्ता नव्हताच, पेट्रोलचं गणित सर्किटच्या रचनेतच होतं. आकड्यांचा खरा तक्ता आला मायक्रोप्रोसेसर आल्यावर, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १९८० मध्ये कावासाकीने मोटरसायकलवर इंजेक्शन आणलं. सगळ्यात उशिरा शरण आली ती चिखलातली गाडी. मोटोक्रॉसच्या गाडीला वजन नको म्हणून तेव्हा बॅटरीच नसायची. मग एका किकमध्ये पंप, कॉम्प्युटर आणि इंजेक्टर तिघांना वीज कुठून द्यायची? सुझुकीने २००८ च्या आरएम-झेड ४५० मध्ये ते जमवलं. त्यानंतर दहा वर्षांत यामाहाच्या वायझेड ४५० एफचा तक्ता मोबाइलवरच्या ॲपमधून बदलता येऊ लागला. तेही कंपनीने स्वतःहून दिलेलं ॲप, कारण ती गाडी फक्त शर्यतीची.

आपल्याकडे २००६ ची हिरो होंडा ग्लॅमर एफआय पहिली. तिच्यामागून बाकीच्या रांगेत आल्या नाहीत. २०१९ मध्ये आलेली हिरोची एक्सपल्स २०० सुद्धा कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन अशी दोन्ही रूपांत विकली जात होती. निर्णय शेवटी सर्वोच्च न्यायालयाने केला: ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकायची नाही. बीएस-६ सोबत पल्सर २२० वरही इंजेक्शन परतलं, अकरा वर्षांनी.

आता यवतमाळ. शहराची उंची साधारण ४४५ मीटर, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, डिसेंबरच्या पहाटे १० पर्यंत. त्याच ठिकाणी, त्याच दाबाला, मेच्या दुपारची हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. ‘विदर्भाच्या उन्हासाठी खास मॅप’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. हवेचं तापमान आणि दाब गाडी स्वतः मोजते, दुरुस्ती स्वतः करते. उन्हाची अडचण कार्ब्युरेटरला होती.

खरी अडचण पांदण रस्त्यावर आहे. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये भरते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल जेमतेम उघडा, इंजिन तापलेलं. कंपनीचा तक्ता प्रदूषण चाचणीत बसेल असा लिहिलेला असतो, त्यामुळे नेमक्या याच कोपऱ्यात पेट्रोल काटकसरीने दिलं जातं. थ्रॉटल किंचित उघडला की गाडी झटका देते, आणि चिखलात झटका म्हणजे मागचं चाक आडवं. तक्त्याच्या त्या खालच्या कोपऱ्यातले आकडे थोडे वाढवले तर गाडी मऊ चालते. ऑफ-रोडवाल्यांना रीमॅपिंगचा खरा फायदा इथे आहे. वरच्या फेऱ्यांतल्या वाढीव ताकदीच्या जाहिराती मला बहुतेक आवाजच वाटतात.

पण हे आकडे बदलणार कोण? कॉम्प्युटरला कुलूप आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. त्यामागे कारणही आहे: जास्त पेट्रोल म्हणजे जास्त कार्बन मोनॉक्साइड, आणि तो धूर शेजारून सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलीच्या नाकात जातो. पीयूसीची चाचणी गाडी उभी असताना होते, त्यामुळे बदललेला मॅप तिथे सहज सुटतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा तक्ता खुला करा, असं मी म्हणणार नाही. तो वाचता तरी यावा, एवढं म्हणेन. पूर्वी मिस्त्रीला प्लगवरून कळायचं की गाडीचं काय बिनसलंय. आज तालुक्याचा मिस्त्री डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा दिवा बघतो आणि गिऱ्हाइकाला जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. त्याची मजुरी जाते, गिऱ्हाइकाचा दिवस जातो.

दरम्यान पेट्रोलच बदललंय. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने जे इंजिन लावलं होतं, त्याला आता सात-आठ टक्के जास्त इंधन हवं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हा फरक बराचसा स्वतः भरून काढते, पूर्ण थ्रॉटलला मात्र नाही. २००९ ची कार्ब्युरेटरवाली २२० काहीच भरून काढत नाही. तिचा प्लग पांढरा पडायला लागतो. तिला एक-दोन नंबर मोठा मेन जेट लागेल. तो जुन्या मिस्त्रीच्या डब्यात पडलेला असतो, आणि बदलायला कोणाचा पासवर्ड लागत नाही.