लेखकच प्रकाशक : महात्मा फुले यांच्या ग्रंथप्रकाशनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकीय अक्षरजुळणी, मागणीनुसार छपाई आणि ई-पुस्तके यांमुळे आज कोणत्याही लेखकाला प्रकाशन संस्थेच्या दारात न जाता आपले पुस्तक काढता येते. इ.स. २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तके उपलब्ध करून दिल्यानंतर या चर्चेला अधिक वेग आला. स्वप्रकाशन ही एकविसाव्या शतकातील तंत्रज्ञानाची देणगी आहे, असा त्यामुळे समज झालेला दिसतो. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास पाहिल्यास हा समज टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित व्यवस्थेने ज्यांना नाकारले, त्यांच्यासाठी स्वप्रकाशन हाच मुद्रणाचा मार्ग होता. महात्मा जोतीराव फुले हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या ग्रंथांच्या प्रकाशनेतिहासाच्या आधारे स्वप्रकाशनाचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा उद्देश आहे.

प्रस्थापित ग्रंथव्यवस्था :
गणपत कृष्णाजी यांनी इ.स. १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले आणि एतद्देशीयांच्या मालकीच्या मराठी मुद्रणाला चालना मिळाली. पुढे जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना इ.स. १८६९ मध्ये सुरू झाला. छापखाने वाढले, तरी ग्रंथाला मान्यता, बक्षीस आणि ग्राहक मिळवून देणारी सत्ता प्रामुख्याने शिक्षणखाते व दक्षिणा प्राईज कमिटी यांच्या हाती होती. पेशवाईपासून चालत आलेल्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वळवण्यात आला होता. कमिटीची पसंती म्हणजे लेखकाला आर्थिक आधार आणि ग्रंथाला प्रतिष्ठा, असे हे समीकरण होते. कोणता ग्रंथ 'उपयुक्त' हे ठरवणारे लोक मात्र समाजाच्या मर्यादित वर्गातून आलेले होते.

नकार आणि स्वतःचा मार्ग :
जोतीरावांनी इ.स. १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राईज कमिटीला सादर केले. एका अज्ञानी कुणबी कुटुंबाची धर्माच्या नावाखाली होणारी लुबाडणूक हा त्याचा विषय होता. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, अशी हकिकत स्वतः जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवली आहे.

या अनुभवानंतरच्या त्यांच्या ग्रंथलेखनाची दिशा लक्षणीय आहे. इ.स. १८६९ मध्ये शिवाजीराजांवरील पवाडा व 'ब्राह्मणांचे कसब' आणि इ.स. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ही पुस्तके त्यांनी कोणत्याही कमिटीच्या पसंतीची वाट न पाहता प्रसिद्ध केली. बांधकामाची कंत्राटे व अन्य व्यवसायांमुळे ते सरकारी नोकरीवर किंवा बक्षिसावर अवलंबून नव्हते. हे आर्थिक स्वातंत्र्य त्यांच्या वैचारिक स्वातंत्र्याची पूर्वअट ठरले, असे म्हणता येईल. संपादकाची कात्री नसल्यामुळेच 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना जोडता आली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना ती अर्पण करता आली.

इ.स. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण पाठवले, तेव्हाही जोतीरावांनी सहभागास नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभेशी आपले जमणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दक्षिणा कमिटीने त्यांना नाकारले आणि पुढे त्यांनी ग्रंथकार सभेला नाकारले, हा काळ १८५५ ते १८८५ असा तीस वर्षांचा भरतो. या काळात त्यांचा आधार स्वतःचे लेखन व स्वतःचे साधन हाच राहिला.

स्वप्रकाशनाच्या मर्यादा :
तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ इ.स. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू' पत्रात त्याची पहिली दोन प्रकरणे छापून आली व पुढील प्रकरणे थांबली. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापला गेला नाही. म्हणजे चळवळीतील पत्रालाही काही मजकूर पेलवला नाही. 'तृतीय रत्न' तर इ.स. १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक'मधून प्रथम मुद्रित झाले. लेखन आणि मुद्रण यांत १२४ वर्षांचे अंतर पडले.

जे छापले गेले, तेही सर्वदूर पोहोचले असे नाही. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध इ.स. १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्याची पाठराखण केली. तरीही तो विस्मृतीत गेला आणि इ.स. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनःप्रकाशित केल्यानंतरच अभ्यासकांपुढे आला. जोतीरावांचे विखुरलेले साहित्य एकत्रितपणे महाराष्ट्रभर पोहोचले, ते महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इ.स. १९६९ मध्ये धनंजय कीर व मालशे यांच्या संपादनाखाली 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' काढल्यानंतर. ज्या लेखकाला एका शासकीय कमिटीने नाकारले, त्याला शासकीय मंडळानेच शतकानंतर घरोघर नेले, हा इतिहासातील विरोधाभास विचारात घेण्याजोगा आहे.

वर्तमानाशी संबंध :
ग्रंथव्यवहारात निवड, मुद्रण, वितरण आणि जतन अशी चार कार्ये असतात. जोतीरावांच्या काळात पदरचा पैसा असणाऱ्याला पहिल्या दोन कार्यांवर मात करता येत होती. आजच्या तंत्रज्ञानाने हा खर्च कमी केला आहे. मागणीनुसार छपाईमुळे शेकडो प्रती आधी छापून घरात साठवण्याची गरज उरलेली नाही. लेखक-प्रकाशकालाही आयएसबीएन मिळू शकतो. परंतु समीक्षा, ग्रंथालय-खरेदी आणि अभ्यासक्रमात समावेश या वाटा अद्याप बऱ्याच अंशी संस्थांच्या मार्फतच जातात. इ.स. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य ठरावीक ग्रंथालयांना प्रती देण्याची जबाबदारी प्रकाशकावर आहे. लेखकच प्रकाशक असेल, तर ती जबाबदारी त्याचीच ठरते.

निष्कर्ष :
१. मराठीत स्वप्रकाशन नवे नाही. सत्ताकेंद्रांनी नाकारलेला विचार समाजापुढे आणण्याचे ते जुने साधन आहे.
२. संस्थेची निवड नेहमीच निव्वळ गुणवत्तेवर होत नाही. 'तृतीय रत्न'चा नकार हे त्याचे उदाहरण आहे.
३. स्वतः छापल्याने ग्रंथ प्रकाशात येतो, पण टिकतोच असे नाही. त्यासाठी संपादक, ग्रंथालये व सार्वजनिक संस्था आवश्यक ठरतात.
४. म्हणून स्वप्रकाशन की पारंपरिक प्रकाशन, असा पर्याय मांडण्यापेक्षा स्वप्रकाशित ग्रंथांचे जतन कोण करणार, हा प्रश्न महाविद्यालयीन व सार्वजनिक ग्रंथालयांनी हाती घेणे गरजेचे आहे. अन्यथा आजचे एखादे 'तृतीय रत्न' छापले जाऊनही हरवेल.